डोणीतली कच

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या आजीच्या आजीलाही ज्या काळाबद्दल नीट सांगता आलं नसतं त्या काळी, एक डोंगराळ राज्य होतं. तिथले घाट असे उभे, की घोडा चार पावलं चढायचा आणि मालकाकडे रागानं बघत खाली बसायचा. म्हणून तिथले स्वार घोड्यावर बसत नसत. ते लोखंडी दुचाकीवर बसत. पायांनी दातेरी चाक फिरवत, त्या चाकावरची साखळी मागचं चाक ओढून नेई, आणि स्वार खिंड ओलांडून पलीकडच्या गावांना औषधं, मीठ आणि निरोप पोहोचवी.

तुम्ही म्हणाल, त्या काळी कुठल्या आल्या दुचाक्या? बरं बाबा, नव्हत्या. घोडाच होता असं समजा आणि झोपा. ज्यांना गोष्ट ऐकायची आहे त्यांनी पुढे या.

तर त्या राज्यात साखळीला फार मान होता. मान का नसावा? उभ्या घाटात स्वाराचा जीव त्या एवढ्याशा कड्यांवर आणि कड्या जोडणाऱ्या खिळ्यांवर टांगलेला. म्हणून राजवाड्याच्या दाराशी दगडात एक खूण कोरून ठेवली होती. दरवर्षी जत्रेच्या दिवशी वर्षभर घाटात पळालेल्या साखळ्या तिथे खुंटीला टांगायच्या. साखळी जुनी झाली की लांबते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं. लोखंड काही ताणलं जात नाही हो, सांध्यांतले खिळे आतून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी जागा होते. जिची लांबी त्या खुणेखाली सर्वांत कमी उतरली ती साखळी मानाची. ती करणाऱ्या लोहाराच्या खांद्यावर राजा स्वतःच्या हातानं शेला घाली.

हा शेला पिढ्यान् पिढ्या तुळोजी लोहाराच्या घरात आलेला होता. त्याच्या बापानं पांघरला, आज्यानं पांघरला. तुळोजीनंही काही वर्षं पांघरला. आणि मग तो बहिरूच्या खांद्यावर गेला, तो तिथेच राहिला.

हा बहिरू कोण? तुळोजीच्या बापाकडे भाता ओढायला राहिलेला, पोरका. तुळोजीच्याच ताटाशेजारी जेवून, त्याच भट्टीवर हात भाजून शिकलेला. आता त्यानं पुढच्या आळीत स्वतःची भट्टी घातली होती. अजूनही तो तुळोजीला 'दादा' म्हणे, वाटेत दिसला की बाजूला होऊन वाट देई. यामुळे तर तुळोजीचा जास्तच जळफळाट होई. माणूस उर्मट असता तर निदान त्याचा राग करायला सोपं गेलं असतं!

तुळोजीला बहिरूचं काहीच बघवत नसे. बहिरूच्या भट्टीचा ठोका ऐकू आला की तो भरल्या ताटावरून उठे. बहिरूच्या गाईला कालवड झाली तर याचं तोंड आठवडाभर आंबलेलं. बहिरूच्या दारातला पारिजात फुलला तरी याला वाटे, मुद्दाम फुलला.

"अहो, त्याच्या झाडाचीही अदावत धरलीत का आता?" तुळोजीची बायको ठकू म्हणे. बोलताना ती पोळपाटावरून नजरही उचलत नसे.

"माझ्या बापाची विद्या चोरून बसलाय तो."

"चोरून कशाला? मामंजींनी हात धरून शिकवली. तुम्ही तेव्हा पतंग उडवायला गेला होतात."

खरं सांगायचं तर तुळोजी काही कच्चा लोहार नव्हता. त्याचा खिळा कडीत असा घट्ट बसे की केसही आत जाणार नाही. साखळी घासून पुसून अशी लखलखीत करी की बाया तिच्यात बघून कुंकू लावतील. बहिरूची साखळी मात्र काळपट, तेलकट, सांध्यांत किंचित सैल. बघणाऱ्याला वाटे, ही कसली मानाची साखळी? पण बहिरूची एक रीत होती. घाटातून साखळी परत आली की तो ती उतरवून कढत पाण्यात धुई, उन्हात वाळवी आणि मगच नवं तेल देई. सांधा सैल असल्यामुळे आत शिरलेली धूळ पाण्याबरोबर निघून जाई.

तुळोजीची मुलगी साळू स्वार होती, आणि स्वार कसली, घाटातलं वारं होती. त्या वर्षी मानाच्या मापासाठी तुळोजीनं आपली साखळी तिच्याच दुचाकीवर चढवली होती. बहिरूची साखळी त्याच्या पुतण्याच्या दुचाकीवर होती. साळू एकदा बापाला म्हणाली, "आबा, बहिरूकाका साखळी धुतात. आपण नुसती वरून पुसतो. एकदा धुऊन बघू या का?"

झालं. तुळोजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साखळी आहे ती, खरकटं पातेलं नाही! माझ्या सांध्यात धूळ शिरतच नाही, तर धुवायचं काय? आणि पुन्हा त्याचं नाव या भट्टीत घेतलंस तर दुचाकी काढून घेईन."

साळूनं पुन्हा चिंधी उचलली आणि साखळी पुसायला घेतली. दुचाकीवाचून तिला एक दिवस करमत नसे, आणि ते बापाला ठाऊक होतं.

आता त्या गावात आणखी एक रीत होती. खिंडीच्या पायथ्याशी दगडाची एक डोणी होती, तेलाची. एक महिना ती तुळोजीनं भरायची, एक महिना बहिरूनं. घाट चढण्याआधी प्रत्येक स्वार तिथे थांबे, चिंधी बुडवून साखळीला तेल लावी आणि मग निघे. साखळी कुणाचीही असो, तेल सगळ्यांचं एक. जुन्या लोकांनी ही रीत मोठ्या शहाणपणानं घातली होती. एकाच डोणीतून तेल घेणारे एकमेकांचं वाईट करणार नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. बिचाऱ्यांना तुळोजी ठाऊक नव्हता.

जत्रा जवळ येऊ लागली तसा तुळोजी झुरायला लागला. डोळे मिटले की बहिरूच्या खांद्यावरचा शेला दिसे. आणि एके दिवशी, कोयत्याला धार लावता लावता, त्याची नजर धारेच्या दगडाखाली साचलेल्या भुकटीवर गेली.

त्यानं ती बोटांवर घेतली. बारीक, करडी, दाताखाली आली तर अंगावर शहारा आणणारी. कचच ती. लोखंड खाणारी.

त्याच्या मनात हिशेब झाला. डोणी भरायची पाळी आपली आहे. बहिरूचे सांधे सैल, त्यात ही कच सहज जाईल आणि खिळे खाईल. आपले सांधे घट्ट, आपल्या साखळीला काही होणार नाही. हे गणित फक्त एका लोहारालाच सुचलं असतं, आणि त्यातही फक्त स्वतःच्या कामाचा गर्व असलेल्या लोहाराला. पोटच्या पोरीची दुचाकीही त्याच डोणीवर थांबते हे त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण 'माझा सांधा घट्ट आहे' एवढं म्हणून त्यानं ते बाजूला सारलं. मत्सर डोक्यात गेला की माणूस असाच विचार करतो, अर्धा.

भुकटी तेलात दिसू नये म्हणून त्यानं ती खलात घालून पिठासारखी कुटली, वस्त्रगाळ केली आणि भर दुपारी, गाव जेवून पेंगत असताना, डोणीत ओतली. तेलाचा रंगही बदलला नाही. त्या दिवशी किती महिन्यांनी त्याला भाकरी गोड लागली.

थोड्याच दिवसांत बहिरूच्या पुतण्याची साखळी कुरकुरायला लागली. बहिरूनं कान लावला, साखळी उतरवली, कढत पाण्यात टाकली. पाण्याच्या तळाशी करडा गाळ बसला. त्यानं आपल्या सगळ्या स्वारांच्या साखळ्या धुऊन काढल्या, डोणी रिकामी केली, घासली, पदरचं तेल भरलं. आणि मग तो थेट तुळोजीच्या दारात आला.

"दादा, डोणीत कच आली होती," तो म्हणाला. "घाटातल्या वाऱ्यानं उडून आली असेल. तेल बदललंय मी. पण तुमच्याही साखळ्या एकदा धुऊन घ्या. साळूची तर आजच घ्या."

ऐका मंडळी, इथेच सगळं निभावलं असतं. माणूस उन्हातान्हातून चालत दारात आला होता. तुळोजीनं फक्त 'हो' म्हणायचं होतं.

पण बहिरूचा चेहरा बघितला आणि त्याचा नेहमीचा मत्सर उफाळून आला. साखळी धुतली तर गाव काय म्हणेल? तुळोजीनं बहिरूची रीत उचलली! शिवाय ज्याला झिजवायला कच घातली त्यानंच येऊन शहाणपण सांगावं? तुळोजीनं साळूची साखळी उचलून बहिरूच्या डोळ्यांपुढे धरली.

"बघ. तोंड दिसतंय तुझं तिच्यात. ही धुवायची?"

"दादा, वरून नाही दिसत ते. सांध्यात—"

"माझे सांधे मला शिकवू नकोस."

बहिरू निघून गेला. दाराआड उभ्या असलेल्या साळूनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, पण बापाची नजर बघून तशीच मागे फिरली. तुळोजीनं चिंधी घेतली आणि साखळी आणखी लखलखीत पुसली.

जत्रा तोंडावर आली, आणि पलीकडच्या गावांतून निरोप आला की मुलं तापानं फणफणली आहेत, औषध हवं. औषधाच्या पिशव्या घेऊन साळू आणि बहिरूचा पुतण्या निघाले. साळू पुढे. तिचा वेग त्याला कधीच गाठता येत नसे.

खिंडीच्या शेवटच्या चढावर, जिथे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी, साळू उभी राहून पायांवर सगळा भार देत होती. तिथेच साखळी तुटली. तिचे पाय एकदम रिकाम्यात गेले आणि ती दुचाकीसकट दरीच्या बाजूला कोसळली.

एका करवंदीच्या जाळीनं तिला धरलं म्हणून ती वाचली. मागून आलेल्या बहिरूच्या पुतण्यानं तिला ओढून वर काढलं, तेव्हा तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. तिनं आपली पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली.

"तू जा," ती म्हणाली. "पोरं वाट बघतायत. येताना मला ने."

त्यानं दोन्ही पिशव्या पोहोचवल्या. पलीकडची मुलं वाचली, ती बहिरूच्या काळपट, सैल साखळीवर.

साळूला घरी आणून निजवलं. ठकूनं तिचा पाय मांडीवर घेतला. कोपऱ्यात पडलेली तुटकी साखळी तुळोजीनं उचलली. अजूनही ती चकाकत होती. त्यानं एका सांध्यातला खिळा ठोकून बाहेर काढला. दोन्ही टोकांना खिळा शाबूत होता, आणि मध्ये, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, झिजून सुईएवढा झाला होता. सांध्यात करडी भुकटी होती.

त्यानं दुसरा खिळा काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच. जाड भुकटी असती तर त्याच्या घट्ट सांध्यांच्या बाहेरच राहिली असती. पण ती त्यानं स्वतःच वस्त्रगाळ केली होती. आत गेली, आणि सांधा घट्ट म्हणून बाहेर निघालीच नाही.

"आबा," साळूनं अंथरुणातून विचारलं, "बहिरूकाकांनी तेल बदललं होतं ना? मग आपल्या साखळीत कच राहिली कशी?"

तुळोजीला रडू फुटलं. ठकूनं त्याच्याकडे बघितलं, मग धारेच्या दगडाकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

जत्रेच्या दिवशी तुळोजी राजवाड्याच्या दाराशी गेला. त्यानं तुटकी साखळी खुंटीला टांगली आणि भरल्या जत्रेत, राजासमोर, आपण काय केलं ते सांगितलं. माणसांत कुजबुज उठली. कुणी म्हणालं, याला हद्दपार करा. कुणी म्हणालं, याचे हात तोडा.

राजानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग म्हणाला, "मी आणखी काय शिक्षा देऊ? तुझी मुलगी तुझ्याच अंगणात लंगडत चालणार आहे. मात्र आजपासून डोणी दर महिन्याला तूच भरायचीस. आणि तू भरलेलं तेल तपासल्याशिवाय एकही स्वार पुढे जाणार नाही. तपासणारा गावानं निवडावा."

गावानं साळूला निवडलं. तिच्याइतकं घाटाला दुसरं कोण ओळखत होतं?

शेला बहिरूला मिळाला. जाताना तुळोजीनं त्याच्यासमोर हात जोडले. बहिरूनं मान हलवली आणि म्हणाला, "येतो, तुळोजी." 'दादा' म्हणाला नाही. ज्या शब्दाचा तुळोजीला इतकी वर्षं राग येत होता, तो परत ऐकायला तो पुढे जन्मभर तरसला, पण ऐकायला मिळाला नाही.

साळू पुन्हा दुचाकीवर बसली नाही. ती कुबडी घेऊन रोज डोणीच्या काठाशी येऊन बसे. तुळोजी तेलाचा बुधला खांद्यावर घेऊन येई, ओती आणि मान खाली घालून उभा राही. आणि साळू बापानं आणलेलं तेल बोटांच्या चिमटीत चोळून बघे, कच लागते का ते.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं बरं बघवेना म्हणून आपण जी कच कालवतो, ती बाहेर कुणाला दिसण्याआधी आपल्याच घराच्या सांध्यात शिरलेली असते.