नऊशे पायऱ्यांचा शिधा

सटवाजी शिपाई एका पायावर, कुबडी टेकत टेकत नऊशे पायऱ्या चढून उभागडावर पोचला, आणि तिथेच त्याचे चुकले!

“चढलास ना?” कारकुनाने मान वर न करता विचारले.

“चढलो, सरकार. पहाटे निघालो होतो.”

“म्हणजे धडधाकट आहेस. शिधा बंद! पुढचा कोण?”

पुढचा कोणीच नव्हता. लढाईत हातपाय गमावलेल्या शिपायांना दरमहा शिधा द्यायचा, अशी रणधीरराजांची आज्ञा होती. आज्ञा राजांची, पण नियम दिवाण विसाजीपंतांचे! शिधा गडावरच मिळेल. जो पायऱ्या चढेल तो धडधाकट, जो चढत नाही तो लंगडा. पाय तपासत बसू नये, पारख पायऱ्याच करतील. गडावर पालखी चालेल ती फक्त दरबारी माणसाची. इतर कोणाला उचलून आणले तर दंड!

वर आला तो धडधाकट ठरला, खाली राहिला तो गैरहजर. वर्षभरात यादी कोरी झाली. “माझ्या राज्यात एकही लंगडा उरला नाही!” म्हणून राजे खूश, आणि पंतांच्या खांद्यावर नवी शाल.

पण सटवाजीच्या मागून त्याला सावरत त्याची बायको अंबूही चढली होती. घरात धान्याचा कण नव्हता. तिने कचेरीच्या दारात असा काही आवाज चढवला, की सदरेवर बसलेल्या राजांनी दोघांना बोलावून घेतले.

“काय गं, तुझ्या नवऱ्याचा पाय कुठाय?”

“तुमच्या लढाईत ऱ्हायला, महाराज. परत येताना उचलून आणायचं सुचलं न्हाई त्यास्नी!”

दरबारात कोणीतरी खुदकन हसले. राजांच्या कपाळाला आठी पडली. राजे मोठे हट्टी! आपला नियम चुकला असे त्यांनी जन्मात कधी म्हटले नव्हते.

“नियम तो नियम! त्या नियमाने लंगडा ठरेल असा एक तरी माणूस आत्ता या गडावर दाखव. दाखवलास तर सगळ्या शिपायांचा शिधा चालू! आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत नाही दाखवलास, तर तुमची झोपडीसुद्धा सरकारजमा!”

सटवाजीने तिचा पदर ओढला. “अगं, चल खाली. व्हतं ते छप्पर बी घालवशील!”

“तुमी जरा टेका इथं,” अंबू म्हणाली. ती सरळ गडाच्या दरवाजात जाऊन बसली आणि शेजारणीने दिलेला, पदरात बांधलेला भाकरीचा तुकडा सोडून चावू लागली. पहारेकऱ्यांना वाटले, बाईचे डोके फिरले!

ऊन डोक्यावर यायला आले, तशी खालून भोयांची हाळी ऐकू आली. घामाने निथळत भोयांनी रोजच्या वेळेला रोजची पालखी आत आणली. अंबूने पुढे होऊन पालखीचा दांडा धरला तो सदरेपर्यंत सोडला नाही.

“घ्या महाराज, लंगडा!”

पालखीतून विसाजीपंत ताडकन खाली उतरले. “लंगडा? कोण लंगडा?”

“रागावू नका, दिवाणजी. एवढंच सांगा, नऊशे पायऱ्या चढून आलात?”

“मी? मी कशाला चढू! वीस वर्षांत एक पायरी चढलेलो नाही!”

“ऐकलंत, महाराज? चढत न्हाईत, आणि गडावर हजर हायेत!”

“मूर्ख बाई!” पंतांनी दोन्ही पाय फरशीवर आपटले. “हे पाय दिसत नाहीत तुला?”

“दिसत्यात की! पर पाय बघायचे न्हाईत, असा तुमचाच नियम हाय. माझ्या नवऱ्याचा नसलेला पाय तरी कुनी बघितला?”

राजांनी ओठ दाबून धरले. “बरं, एक सापडला. आणखी कोणी?”

“हाय एक, महाराज. तो बी कधी पायी चढत न्हाई. पर त्याचं नाव घेतलं, तर झोपडीसंगट माझी मान बी सरकारजमा व्हायची!”

राजांची नजर कोपऱ्यातल्या आपल्याच सोनेरी पालखीवर गेली. मग राजे असे हसत सुटले, की डोईचा मंदिल सरकला!

“हरलो! आजपासून सगळ्यांना शिधा मिळेल, आणि तो गडाच्या पायथ्याशी मिळेल. उद्यापासून दर महिन्याला पंत स्वतः तो वाटतील. जातील पायी, येतील पायी! आणि तुला काय हवं, बाई?”

“दिवाणजींची पालखी. जेवढं चढलो तेवढं उतरायचं ऱ्हायलंय अजून.”

सटवाजीला पालखीत बसवले. अंबूने त्याची कुबडी उचलली आणि पंतांच्या हातात दिली.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. उद्या शिधा घेऊन खाली याल, तवा आना परत. वाटंत लागंल तुमास्नी!”