शुभ्र फौज आणि राजाचे हलते दात

एका राज्यात राजपद टिके ते दातांच्या जोरावर. हंगामाचा पहिला ऊस राजाने प्रजेसमोर दातांनी सोलायचा. जमले नाही तर मुकुट उतरवायचा, अशी तिथली रीत. राजा भद्रसेनाच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, दात हलू लागले, आणि ऊस सोलायचा दिवस उद्यावर आला. मेहुणा कर्दम मुकुट आपल्या डोक्यावर बसतो का, हे पाहूनही गेला.

"वैद्य काय म्हणतात?" राजकन्या इरावतीने विचारले.

"शाप आहे म्हणतात. शाप म्हटले की त्यांचे काम संपते," राजा म्हणाला.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजकन्ये, हा दाणा गिळ, खसखशीएवढी होशील. आत तीन कामे आहेत. रणशिंग थांबव, दगड फोड, मेलेले उचल. क्रम तूच ठरव."

इरावतीने दाणा गिळला. साळुंकीने तिला चोचीतून राजाच्या हिरडीवर सोडले.

दाताच्या मुळाशी युद्ध पेटले होते, रणशिंग वाजत होते. शुभ्र शिपाई रक्ताच्या वाटांनी धावत येत, अंगातली आग ओतत, आणि जळे ती हिरडी. दाताला धरणारे हाड खचत होते. शत्रू मात्र दातावरच्या पिवळ्या दगडात, चिकट पडद्याआड, सुखाने जेवत बसला होता.

"नायक, तुम्ही आमचेच घर जाळता आहात!" इरावती फौजेच्या पुढाऱ्याला म्हणाली.

"बाजूला व्हा, बाईसाहेब," नायक धवल म्हणाला. "शिंग वाजतंय तोवर लढायचं."

"आग शत्रूपर्यंत पोहोचते का?"

"ते विचारणं आमचं काम नाही."

"मग कोणाचं?"

इरावतीने संतापून शिंगात बोळा कोंबला. फौज थांबली, आणि त्याच क्षणी दगडाआडून शत्रूचे लोंढे आत घुसले.

"आता कळलं?" धवल ओरडला. "आम्ही निदान लढत तरी होतो!"

तिने बोळा उपसला. चूक क्रमाची होती. "साळुंकी, चोच घाल!" चोच दगडाखाली शिरली, इरावतीने पडदा टराटरा फाडला, दगड फुटला. आता आग थेट शत्रूवर पडली.

तरी हिरडी जळतच होती. मेलेल्या शिपायांचे ढीग कुजत होते, त्यांच्यातून आग पाझरत होती. पलीकडे राखाडी राक्षस हात बांधून बसले होते.

"तुम्ही काय करता?"

"मेलेले गिळतो. पण या धावपळीत वाट कोण देतो?"

"धवल, वाट द्या!"

फौज बाजूला झाली. राक्षसांनी ढीग गिळले. आग विझली, आणि शिंग आपोआप मुके झाले. साळुंकीने इरावतीला चोचीत धरून बाहेर आणले, तशी ती पुन्हा पहिल्यासारखी मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी राजाने ऊस सोलला. हळूहळू, बाजूच्या दातांनी, कारण खचलेले हाड परत आले नव्हते. कर्दम मान खाली घालून निघून गेला.

"त्या घरजाळ्या फौजेला हाकलून द्या," इरावतीकडून सारी हकीकत ऐकून राजा गरजला.

"तात, हाकलाल तर जबडाही जाईल," इरावती म्हणाली. "दातांचा पायथा रोज घासा. त्यांना पेटावंच लागणार नाही."

राजा घासू लागला. शाप सुटला. हिरडीच्या काठावर धवलचे शिपाई पहाऱ्याला उभे राहिले, आग अंगातच ठेवून.