बिनकाठाची भाकरी

"उद्या दुपारी ताटातल्या भाकरीला काठ दिसला, तर त्या गजराबाईला वेशीबाहेर काढा!" राजा खड्गसेन कडाडला आणि ताट ढकलून उठला.

ताटात काय उरलं होतं? भाकरीचं नुसतं कडं. मधलं सगळं मऊ मऊ फस्त, भोवतीचा काठ तेवढा शाबूत.

गजराबाई म्हणजे राजवाड्यात भाकऱ्या थापणारी. तिच्या हातची ज्वारीची भाकरी तव्यावर अशी टम्म फुगायची, की बघणाऱ्याला वाटावं आता उडतेय. पण काठ नसलेली भाकरी तिच्या आईनंही कधी थापली नव्हती. बिचारी पदर डोळ्याला लावून चुलीपुढं बसली. हे काम गेलं तर जायचं कुठं? राहतं खोपटंही राजवाड्याचंच.

तिची पोरगी हौसा बाजूला शेंगा फोडत होती. चवदा-पंधराची पोर, जिभेला हाड नाही.

"आये, रडतीस काय? काठ कापून टाक की."

"टाकला की. भाकरीवर वाटी दाबून गोल कापला."

"मग?"

"मग आत नवा काठ. तो कापला तर त्याच्या आत आणिक एक. कापता कापता भाकरी बत्ताशाएवढी झाली बघ, तरी काठ आपला हजर!"

मुदपाकखान्याचे मोठे आचारी त्रिंबकभट लाडू वळत होते. ते म्हणाले, "गजराबाई, अंगणाएवढी भाकरी थाप. महाराजांना मधोमध बसव. काठ राहील लांब."

"आणि तेवढा तवा कुठनं आणू?"

"भटजीकाका टोपी काढतील की," हौसा म्हणाली. "उन्हात घटकाभर बसले की झाला तवा."

त्रिंबकभटांनी लाडू फेकून मारला. हौसानं तो झेलला, खाल्ला आणि विचार करायला बसली. राजाचं काठाशी वाकडं का? काठ कडक असतो म्हणून. मग कडक आणखी काय काय असतं?

"आये, महाराज सुपारी खातात?"

"सोडली."

"ऊस?"

"आताशा रस काढून नेतात."

"फुटाणे?"

"त्याचं पीठ करून लागतं. का गं?"

हौसा गालातल्या गालात हसली. "आये, राजाच्या तोंडातली मंडळी घर सोडून निघालीत."

"कोण मंडळी?"

"दात गं."

गजराबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. "हळू बोल, भवाने! 'दात' म्हणाला म्हणून न्हाव्याला हाकललंय गेल्या महिन्यात."

हौसानं हात बाजूला केला. "आपल्या आज्ज्याला आपण भाकरी कशी देतो?"

"दुधात चुरून. पण ते बोळक्याचं खाणं! महाराजांपुढं ठेवलंस तर वेशीबाहेर कशाला, राज्याबाहेर घालवतील."

"तू थाप. वाढते मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. मधे राजा, बाजूला प्रधान, समोर सगळे सरदार. हौसानं राजापुढं चांदीचा वाडगा ठेवला. राजानं झाकण उचललं. आत गरम भाकरी चुरलेली, वरून दूध, गूळ आणि तुपाची धार.

"ही काय भाकरी आहे?"

"भाकरीच आहे, महाराज. घ्या, शोधा काठ."

राजानं वाडग्यात बोट फिरवलं. मग प्रधानानं नाक जवळ नेऊन बघितलं. काठ काही सापडेना.

"पण भाकरी गोल असते!" राजा म्हणाला.

"हुकूम काठ नको असा होता, गोल हवी असा नव्हता. आणि बिनकाठाचं गोल असतं असं वाटत असंल, तर प्रधानजींनी काढून दाखवावं."

प्रधान हवेत बोटानं गोल काढायला लागला. अर्ध्यात त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात गुपचूप मांडीखाली घातला.

राजाचा चेहरा मात्र लालबुंद झाला. "पोरी, हे बोळक्या म्हाताऱ्यांचं खाणं. माझ्या तोंडात दात नाहीत, असं म्हणायचंय तुला?"

पंगतीत सगळ्यांचे घास हातातच राहिले. खांबाआड गजराबाईनं डोळे मिटून घेतले.

हौसा हात जोडून म्हणाली, "महाराज, तुम्हाला पाय आहेत का?"

"हा काय प्रश्न झाला? आहेत!"

"मग पालखीतनं का फिरता?"

"मी राजा आहे. चालायचं काम भोयांचं."

"तेच म्हणते मी. पाय असून जो चालत नाही तो राजा. मग भाकरी मोडायला एवढी माणसं पदरी असताना राजानं दातांना का राबवावं? आपली भाकरी आपल्याच दातांनी चावायची, ते आमच्यासारख्यांनी. म्हाताऱ्याची ती लाचारी, महाराज. तुमचा तो थाट!"

राजानं वाडगा जवळ ओढला आणि एक घास तोंडात टाकला. तेवढ्यात पंगतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या सरदारानं आपलं ताट हळूच पुढं सरकवलं. "पोरी, मलापण जरा थाट वाढ गं."

राजाला जे हसू फुटलं ते आवरेना. पार मान मागं टाकून हसला गडी! समोरच्या सगळ्यांना पुढच्या तीन दातांच्या रिकाम्या जागा लख्ख दिसल्या आणि सगळे घाईघाईनं आपापल्या ताटात बघायला लागले.

राजानं गळ्यातली मोत्यांची कंठी काढून हौसाच्या गळ्यात घातली. गजराबाईला खोपटं कायमचं तिच्या नावावर करून दिलं, वर दुभती म्हैसही दिली. मग वाडगा बोटानं निपटून चाटला आणि हौसाला खुणेनं जवळ बोलावलं.

"रात्री पण हाच थाट कर," तो तिच्या कानात म्हणाला. "फक्त जरा बारीक चूर."