राजकन्येच्या गुलाबाला काळे ठिपके

सकाळची वेळ होती. दव अजून वाळलं नव्हतं. राजाच्या बागेत, तळ्याच्या काठी, राजकन्येच्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके दिसले. गोष्ट इथून सुरू होते, बरं का. या, जवळ सरका.

त्या राज्यात घरोघर, मुलगी जन्मली की तिच्या नावानं एक गुलाब लावत. आणि झाडाला जे होई, तेच मुलीला होई. का, ते विचारू नका. तिथं तसंच होतं. राजकन्येचं नाव सोनसळी. तिचं झाड राजाघरचं, म्हणून त्याचा मान मोठा. रोज दिवेलागणीला सगळा दरबार जमून त्याला डोक्यावरून न्हाऊ घालायचा. त्याच्यावर मखमली छत्र होतं. आणि त्याला लोखंड लावायचं नाही, असा हुकूम होता. एवढा मान दुसऱ्या कुठल्याच झाडाला नव्हता, आणि एवढं आजारी झाडही दुसरं नव्हतं.

तर पानांवर ठिपके पडले. काळे, कडा झालरीसारख्या, भोवती पिवळं. तसेच ठिपके सोनसळीच्या हातांवर उठले. मग पानं गळू लागली. मग तिचे केस गळू लागले. राजानं राजवैद्याला बोलावलं. राजवैद्यानं नाडी पाहिली आणि सांगितलं, "मान कमी पडतोय. न्हाण दुप्पट करा." मग न्हाण दुप्पट झालं. ठिपकेही दुप्पट झाले.

राजाला एक बहीण होती, गोदूआत्या. जिभेनं तिखट, पण गुलाब लावण्यात जन्म गेलेला. ती सोनसळीच्या उशाशी बसली.

"पोरी, तुला काय होतंय ते तूच सांग. बाकी सगळ्यांचं बोलून झालंय."

"आत्या, संध्याकाळी डोक्यावर पाणी पडतं. मग अंग ओलं ते ओलंच राहतं. उजाडेपर्यंत वाळत नाही."

"हे कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना."

आत्या उठली. तिनं संध्याकाळचं न्हाण बंद केलं. पाणी सकाळी द्यायचं, तेही बुंध्याशी. पानांना थेंब लागू द्यायचा नाही. मग तिनं ठिपक्यांची पानं खुडली. खाली पडलेलीही वेचून कोपऱ्यात ढीग लावला, कारण हा रोग पडलेल्या पानांत दबा धरून बसतो, बरं का. मग मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून झाडावर फवारला. नवी पानं स्वच्छ आली. सोनसळीचे हातही स्वच्छ झाले.

थोडे दिवस बरे गेले. मग कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पांढरं काहीतरी दिसायला लागलं, पीठ सांडल्यासारखं. पानं आकसली. याला भुरी म्हणतात. सोनसळीचा चेहरा पांढरा पडला, श्वास कोंडू लागला. या वेळी प्रधानजी पुढे आले. म्हणाले, "ऊन बाधलंय. छत्र मोठं करा." छत्र मोठं केलं. मग तर तिला उठून बसताही येईना.

"आत्या, सावलीत गुदमरतंय गं."

आत्यानं छत्र उतरवायला सांगितलं. प्रधानजी आडवे आले. "आत्यासाहेब, छत्र ही राज्याची शान आहे."

"मग तुम्ही बसा त्याच्याखाली," आत्या म्हणाली.

छत्र उतरलं. ऊन आलं, वारा आला. आत्यानं मधल्या दाटीच्या फांद्या सुतळीनं बाहेर ओढून बांधल्या, म्हणजे वारा आरपार जावा. मग सकाळच्या गारव्यात गंधकाची भुकटी धुरळली. भर उन्हात नाही हं, उन्हात गंधकानं पान करपतं. पांढरं गेलं. सोनसळी चालायला लागली.

झोपलात का? थांबा, अवघड भाग आता आहे.

झाडाचे शेंडे काळे पडू लागले. वरून खाली, वरून खाली. सोनसळीची बोटं बधिर झाली. मग तळवे. मग मनगटं. काळं बुंध्याला पोचलं असतं तर मुलगी हातची गेली असती. उपाय एकच होता, कापायचं. आणि लोखंड लावायचं नाही, असा हुकूम होता.

राजा म्हणाला, "झाडाला कातर लागली, तर माझ्या लेकीला लागेल."

आत्यानं उचललेली कातर खाली ठेवली. कारण ते खरं होतं.

मग सोनसळीच बोलली. "बाबा, मला मनगटापर्यंत काही कळत नाही. आत्या, तू काप."

आत्यानं कातर निखाऱ्यावर तापवली, निवू दिली. काळं संपतं त्याच्या खाली, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, थोडं वर, तिरपी चालवली. सोनसळीच्या बोटातून रक्ताचा थेंब आला. आत्यानं फांदीच्या आत पाहिलं. गाभा तपकिरी होता. "अजून खाली," ती म्हणाली, आणि पुन्हा कापलं. आता गाभा पांढरा निघाला. मग एकेक करून सगळ्या काळ्या फांद्या काढल्या आणि कापांवर मोरचूद-चुन्याचा घट्ट लेप दिला.

"आत्या, हात दुखतोय," सोनसळी म्हणाली.

"दुखू दे," आत्या म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग झाडाला लाल कोंब फुटले. राजानं नगरात लाडू वाटले. न्हाण, छत्र आणि लोखंडाचा हुकूम, तिन्ही मोडीत काढले. रोगाची पानं आणि फांद्या जाळून टाका, असा नवा हुकूम काढला.

थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडे, कोष्ट्यांच्या आळीत, अंबू नावाच्या मुलीच्या हातांवर काळे ठिपके उठले. तिच्या गुलाबाच्या बुंध्याशी राजाच्या बागेतल्या पानांचा ढीग पडला होता. मग सोनसळी स्वतः गेली. पानं खुडली, वेचली, तिथंच जाळली, आणि राख होईपर्यंत उभी राहिली. अंबू बरी झाली. पुढे दोघी सुखानं राहिल्या.

राजानं विचारलं, "पानं भिंतीपलीकडे कुणी टाकली?" प्रधानजी म्हणाले, पहारेकऱ्यांनी. पहारेकरी म्हणाले, आम्हाला वरून सांगितलं. वरून कुणी, तर राजवैद्य म्हणाले, मी फक्त नाडी पाहतो.

चला, आता पांघरूण घ्या आणि डोळे मिटा. हुकूम पानं जाळायचा होता, आणि ती कुणी जाळली नव्हती. त्याचं उत्तर दरबारातून अजून कुणी दिलेलं नाही.