पन्नास पावलं आणि एक गाठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर डोंगरावरच्या देवीच्या वाटेवर बसायला एकही दगड नव्हता, तेव्हाची. तुम्ही म्हणाल, डोंगरावर दगड नव्हते, असं कसं होईल? दगड होते हो, ढिगाने होते. बसण्याजोगा एक नव्हता.

त्या देवीचा रिवाज जरा वेगळा होता. तिच्यापुढे कुणी काही मागत नसे. वर्षातून एकदा, माघातल्या पौर्णिमेला, गावोगावचे लोक चालत डोंगर चढत. देवळाच्या उंबरठ्याशी म्हातारा गुरव बसलेला असे. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "कुणामुळे पोचलास?" ज्याच्यामुळे पोचलो त्याचं नाव घ्यायचं, उंबरठ्याला हात लावायचा आणि आत जायचं. कुणी आईचं नाव घेई, कुणी बायकोचं, कुणी वाटेत ताक पाजणाऱ्याचं. पौर्णिमेचा सूर्य मावळला की दार बंद होई. मग ते पुढच्या वर्षीच उघडे.

डोंगरापासून चार दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथे सटवा नावाचा पाथरवट राहायचा. जाती, पाटे, उखळं घडवायचा. दगडाकडे नुसतं बघून त्याची पाठ कुठली, पोट कुठलं, कसा ठेवला म्हणजे हलणार नाही, हे सांगायचा. अंगाने दणकट, आणि त्या अंगाचा त्याला भलता अभिमान. वीस वर्षं तो सगळ्यांच्या पुढे डोंगर चढला. वाटेत कुणी टेकलेलं दिसलं की म्हणायचा, "चालायला आलात की बसायला?" आणि गुरवाने विचारलं, "कुणामुळे पोचलास?" की मांडीवर थाप मारून सांगायचा, "या पायांमुळे!" गुरव हसायचा आणि त्याला आत सोडायचा.

सटवाचा एक मित्र होता. त्याचं नाव मायाप्पा. तो घोंगड्या विणायचा. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. चालता चालता हातातल्या टकळीवर लोकर कातायची त्याची सवय होती. "माझ्या घोंगडीत गाठ दाखवा आणि घोंगडी फुकट घेऊन जा," असं तो बाजारात सांगायचा. आजवर एकही घोंगडी फुकट गेली नव्हती.

एका वर्षी सटवा आजारी पडला. वर्षानुवर्षं उडालेली दगडाची भुकटी त्याच्या छातीत जाऊन बसली होती. घराच्या दारापासून विहिरीपर्यंत जाताना त्याला तीनदा थांबावं लागे.

वैद्य आला. त्याने छातीला कान लावला आणि कान बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाला, "छिन्नी-हातोडा माळ्यावर टाक. हा श्वास आता भरून यायचा नाही. आहे तेवढा जपून वापर."

"पुढल्या माघापर्यंत पुरेल?" सटवाने विचारलं.

"या माघाचं बोल," वैद्य म्हणाला.

माघ जवळ आला तशी गावात निघायची तयारी सुरू झाली. सटवाच्या दारावरून जाताना शेजारी प्रेमाने म्हणाले, "सटवा, यंदा तू घरूनच हात जोड."

हे वाक्य त्याला सुईसारखं टोचलं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते आठवेना. एवढं मात्र त्याने मनाशी पक्कं केलं की यंदा उंबरठा गाठायचा, आणि तोही आपल्याच पायांनी. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?

संध्याकाळी मायाप्पा आला. म्हणाला, "गाव चार दिवस आधी निघतं. आपण चौदा दिवस आधी निघू. मला काय, कुठेही बसून लोकर कातायचीच आहे."

दोघे निघाले.

पन्नास पावलं झाली की सटवाचा श्वास संपायचा. पण "दमलो" म्हणेल तो सटवा कसला? तो थांबायचा आणि वाटेकडेच्या एखाद्या दगडाकडे बोट दाखवायचा. "मायाप्पा, हा दगड बघ, उताणा पडलाय बिचारा. याची पाठ खाली गेली. जरा सरळ कर."

मायाप्पा काठी घालून दगड उलटा करायचा. सटवा सांगायचा, "अजून वीतभर डावीकडे. आता खाली ती कपची सरकव. हां." मग तो दगडावर बसायचा. "डुगडुगतो का बघतो," म्हणायचा. आणि श्वास परत येईपर्यंत बघतच राहायचा.

कधी जवळ चांगला दगड नसला, तर पन्नासाव्या पावलाला मायाप्पाच थांबायचा. "धागा तुटला रे. गाठ मारेपर्यंत थांब."

"तुझं आपलं नेहमीचंच," सटवा कुरकुरायचा आणि हायसं वाटून जमिनीवरच बसायचा. पुढेपुढे दगड असो वा नसो, धागा तुटू लागला. दिवस गेले. मागून त्यांच्या गावचे लोक आले, राम राम करून पुढे निघून गेले. दोघांचं आपलं चालूच होतं. पन्नास पावलं, दगड, धागा. पुन्हा पन्नास पावलं.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी ते डोंगराच्या अर्ध्यावर होते. मायाप्पा खाली झऱ्यावर पाणी आणायला गेला. सटवाने भाकरीसाठी त्याची झोळी उघडली, तर हाताला सुताचा गुंडा लागला. त्याने सहज धाग्यावरून बोट फिरवलं. गाठ. थोडं पुढे, गाठ. आणखी पुढे, पुन्हा गाठ. सगळा गुंडा गाठींनी भरला होता.

मायाप्पा पाणी घेऊन आला तेव्हा सटवा गुंडा मांडीवर घेऊन बसला होता.

"हे काय आहे?"

"धागा तुटला."

"तुटला, की तोडलास?"

मायाप्पाने पाणी त्याच्यापुढे ठेवलं.

"मला कुणाची दया नको," सटवा म्हणाला. "माझ्यासाठी थांबायचं होतं तर सरळ सांगायचं."

"आणि तू रे?" मायाप्पा म्हणाला. "चौदा दिवस दगड डुगडुगतो का बघतोयस. एकही डुगडुगला नाही. तरी एकेकावर घटकाभर बसून खात्री केलीस. मी काही बोललो?"

दुसरी कुठली वेळ असती तर सटवा हसला असता. आता त्याने तोंड फिरवलं. "तू पुढे जा. सूर्य मावळायच्या आत तू एकटा पोचशील. माझ्यापायी तुझंही दार बंद व्हायला नको."

"जात नाही."

"मी ओझं झालोय तुला!"

मायाप्पा त्याच्याजवळ येऊन बसला. एरवी त्याला चार वाक्यं जोडून बोलता येत नसत. पण त्या दिवशी तो बोलला. "सटवा, तुझा श्वास तुटतो, तो काही माझ्या हातात नाही. धागा माझ्या हातात आहे. मला तेवढाच तोडता येतो, म्हणून तोडला."

सटवाला ते सगळं कळलं, पण मान काही वळेना. माणसाचा ताठा असा असतो बघा. छातीतला श्वास संपला तरी तो संपत नाही.

इतक्यात खालून काठीची टकटक ऐकू आली. एक म्हातारी वर येत होती. कमरेत वाकलेली, पण चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. पन्नास पावलं खाली सटवाने नुकताच बसवलेला दगड होता. त्यावर ती टेकली, दम खाल्ला, पदराने घाम पुसला आणि पुन्हा चढू लागली. दोघांजवळ पोचल्यावर तिने विचारलं, "का रे बाळांनो, हे दगड कुणी मांडले, तुम्ही पाहिलंत का?"

"का हो आजी?" मायाप्पाने विचारलं.

"अरे, पायथ्याशी माझं घर. दहा वर्षं झाली, मी डोंगर चढले नाही. काल दारातून बघते तर वाटेवर कुणी बसायला दगड ठेवलेला. म्हटलं, तिथवर जाऊन बसू. तिथे बसले तर पुढचा दिसला. त्याच्यावर बसले तर त्याच्या पुढचा. दगडाने दगडाने कशी वर आले, माझं मला कळलं नाही. आणि मी एकटी नाही हो. खाली एक लेकुरवाळी येतेय, तिच्यामागे एक लंगडा येतोय. सगळे बसत बसत येतायत."

"दहा वर्षं का नाही आलात?" सटवाने विचारलं.

"आले होते की. अर्ध्या वाटेत धाप लागून खाली बसले, तर एक दणकट पाथरवट आला आणि म्हणाला, 'आजी, तुम्ही घरूनच हात जोडा.' मला इतकी लाज वाटली की तिथूनच परत फिरले. पुन्हा वाट धरायचा धीरच झाला नाही."

सटवाला ते वाक्य कुठे ऐकलं होतं ते आता आठवलं. आपल्याच तोंडून ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली. मनात आलं, गप्प बसावं. हिला काय कळणार आहे? पण मांडीवर तो गाठींचा गुंडा होता, आणि त्याच्यासमोर खोटं वागवेना.

"आजी, तो पाथरवट मीच. आणि दगडही मीच ठेवले. तुमच्यासाठी नाही ठेवले. मला दम लागतो, ते लपवायला ठेवले. उचलले या मायाप्पाने."

म्हातारीने त्याला खालून वर न्याहाळलं. खपाटीला गेलेलं पोट, निळसर पडलेले ओठ. "तूच का तो? अगं बाई! मग बरंच झालं की तू आजारी पडलास!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मायाप्पा पाण्याचा घोट घ्यायचा थांबला. आणि मग सटवा हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. मायाप्पा त्याची पाठ चोळू लागला. चौदा दिवसांत पहिल्यांदाच सटवाने तो हात झटकला नाही.

"आजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "चला, बरोबर जाऊ."

मागचे दोघेही येऊन मिळाले आणि तिथून वरची वाट सगळ्यांनी उघडपणे चढली. पन्नास पावलं झाली की सटवा मोठ्याने म्हणायचा, "थांबा रे, मला दम लागलाय!" असं म्हणायला त्याला जन्म लागला होता, पण एकदा म्हटल्यावर फार सोपं गेलं. सगळे थांबायचे. लेकुरवाळी पोराला पाजायची, लंगडा पाय चोळायचा. सटवा दगड दाखवायचा आणि सगळे मिळून तो सरळ करायचे. मायाप्पाला आता धागा तोडावा लागला नाही. त्याच्या टकळीवर पुन्हा सलग सूत चढू लागलं.

ते देवळापाशी पोचले तेव्हा जत्रा पांगली होती. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. गुरव दाराच्या कडीला हात लावून उभा होता. म्हातारीला त्याने विचारलं, "कुणामुळे पोचलीस?" तिने सटवाकडे बोट दाखवलं आणि ती आत गेली. लेकुरवाळीने आणि लंगड्यानेही तेच केलं.

मग सटवा पुढे झाला. "अरे, तू!" गुरव म्हणाला. "सांग, कुणामुळे पोचलास? पायांमुळे?"

सटवाला बोलायचं होतं, पण शेवटच्या चढाने श्वास सगळा संपला होता. तोंड उघडत होतं, शब्द येत नव्हता. सूर्य अर्धा बुडाला. पाव उरला. गुरवाने कडी धरून ठेवली, पण घाई केली नाही. सटवाने मायाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि म्हणाला, "मायाप्पामुळे."

तेवढा एक शब्द. मायाप्पाने डोळे पुसले.

"आणि तू कुणामुळे?" गुरवाने त्याला विचारलं.

"सटवामुळे."

"त्याने तर तुला उशीर केला!"

"वीस वर्षं याच्या मागे पळत आलो," मायाप्पा म्हणाला. "वाटेत काय काय आहे, ते यंदा दिसलं."

दोघे उंबरठा ओलांडून आत गेले आणि सूर्य बुडाला.

सटवा बरा झाला नाही. गोष्ट आहे म्हणून मी खोटं सांगणार नाही. श्वास होता तेवढाच राहिला, उलट थोडा थोडा कमी होत गेला. पण त्या थंडीत मायाप्पाने त्या गाठींच्या सुताची घोंगडी विणली. बाजारात लोकांनी बोटं लावून पाहिली आणि हसले. "मायाप्पा, ही तर फुकट द्यावी लागेल!" मायाप्पा म्हणाला, "दिलीय." सटवा ती पांघरून अंगणात उन्हाला बसायचा. दम लागला की एखाद्या गाठीवर बोट ठेवायचा आणि श्वास परत यायची वाट बघायचा. तसा तो आणखी तीन माघ जगला, तिन्ही वेळा डोंगर चढला, आणि सुखाने गेला.

चौथ्या माघात मायाप्पा एकटाच निघाला. आता त्याचेही गुडघे बोलत होते. अर्ध्या डोंगरावर त्याच्या टकळीचा धागा तुटला. या वेळी खरोखरच तुटला. मायाप्पा जवळच्या दगडावर बसला, बसल्या बसल्या थोडा डावीकडे झुकला, थोडा उजवीकडे झुकला, आणि शेजारी कुणी असल्यासारखा म्हणाला, "नाही रे सटवा, डुगडुगत नाही."

मग त्याने गाठ मारली आणि पुढची पन्नास पावलं चालू लागला.

बोध एवढाच: आपल्यासाठी कुणी थांबलं तर लाजू नये, त्याचं नाव घ्यावं आणि मागून येणाऱ्याला टेकायला जागा करून ठेवावी.