तानू, ओवळपरी आणि चिऱ्यांचं घर

घाट उतरून आलेल्या तानूपाशी सामान ते काय असणार? एक परकर, तेल लावलेली एक लांब वेणी आणि पोटभर राग.

तिचे बाबा देवाघरी गेले, तशी आई तिला घेऊन कोकणातल्या या लाल मातीच्या, हिरव्या माडांच्या गावात आली. इथले भिकू चितारी लाकडाची रंगीत फळं करायचे. पिवळेधमक आंबे, जांभळी वांगी, इवली इवली लालचुटुक बोरं! लाकूड घासून गुळगुळीत करायचं काम आईला मिळालं आणि राहायला मिळाली गोठ्याशेजारची पडवी. कुडाच्या भिंतीच्या एका बाजूला म्हैस रवंथ करायची आणि दुसऱ्या बाजूला तानू कुढायची.

कुढायला कारण होतं आणि त्या कारणाचं नाव होतं आबोली.

आबोली भिकूकाकांची मुलगी, तानूच्याच वयाची, नऊ वर्षांची. तिला बाबा होते. तिच्या घराला निळं दार होतं. तिच्याकडे खारीच्या केसांचा चिमुकला कुंचला होता आणि मोरपिशी परकर होता. शिवाय ती हसली की गालाला खळी पडायची, आणि ही खळी तर तानूला अगदीच जास्तीची वाटायची. एवढं सगळं असताना माणसाला खळी कशाला हवी?

"आई, मला न्हाई आवडत हितं," तानू रोज म्हणायची.

"आवडंल बाळा. जरा दम धर," आई रोज म्हणायची आणि लाकूड घासत बसायची.

तरी तानू मनाची वाईट नव्हती हं. दाव्यात अडकलेलं वासरू सोडवायला, मुंगीला पाटाच्या पाण्यातून काडीवर घ्यायला ती पहिली धावायची. फक्त आबोली दिसली की तिच्या पोटात दुखायला लागायचं.

एके दिवशी ती बागेत एकटीच रुसून बसली होती. सुपारीच्या उंच झाडांमधून उन्हाची नाणी खाली सांडत होती. तेवढ्यात फणसाच्या खोडापाशी तिला बारीकसं रडू ऐकू आलं. कोणीतरी खोडावर कोयता मारला होता, तिथून पांढरा चीक ओघळला होता, आणि त्या चिकात अडकली होती बोटाएवढी परी! तिचे पंख बकुळीच्या फुलासारखे दुधी होते आणि झग्याला सोनेरी झालर होती.

"हलू नगंस," तानू म्हणाली. "फणसाचा चीक वढून निघत न्हाई. त्याला तेल लागतंय."

तेल कुठून आणणार? तानूनं आपली तेलकट वेणी पुढे घेतली आणि तिचं टोक परीच्या पंखांवरून हळूहळू, हळूहळू फिरवलं. एक पंख सुटला. दुसरा सुटला. परी भुर्रकन उडाली आणि लख्ख चमकत तिच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"मी ओवळपरी," ती म्हणाली. बकुळीला या गावात ओवळ म्हणतात, आणि ही राहायची बागेच्या कडेच्या ओवळीवर. "माग तानू, तीन गोष्टी माग. पण माझा एक नियम आहे. जे मागशील, ते तयार होताना तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं. जेवढं पाहिलं असशील तेवढंच मिळेल."

"आमचं घाटावरचं घर दे!"

"ते बांधताना पाहिलंस?"

तानूनं नकारार्थी मान हलवली. ते घर तर तिच्या आजोबांनी बांधलेलं.

"मग आबोलीच्यापरीस भारी परकर दे."

"त्याचं कापड विणताना पाहिलंस?"

तानूचा चेहरा पडला. उणापुरा एक नियम आणि त्यात सगळ्या जगाला कुलूप!

"काहीतरी बघून ये," परी हळुवारपणे म्हणाली आणि ओवळीच्या पानांत दिसेनाशी झाली.

मग तानूनं बघायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिकूकाकांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. काकीनं, म्हणजे आबोलीच्या आईनं, तिच्यासमोरच नारळाच्या रसात गूळ-वेलची ढवळली आणि मग ती बिडाच्या तव्यावर घावणे घालायला लागली. तांदळाचं पातळ पीठ चर्रर्र करून पसरायचं, त्याला जाळी पडायची, कडा सुटायच्या. पहिला घावणा मात्र फाटला.

"पयलो घावणो तव्याचो," काकी हसून म्हणाली. "बघतस काय गो? ये, बस, खा."

"मला नको," तानू म्हणाली. आबोलीच्या आईच्या हातचं खायचं? छे!

ती धावत ओवळीखाली गेली आणि तिनं घावणे मागितले. झाडावरून चांदीसारखी धूळ झरझरली आणि केळीच्या पानावर पांढरेशुभ्र घावणे आणि वाटीत नारळाचा गूळ घातलेला रस आला. वेलचीचा वास घमघमत होता. वरचा घावणा फाटकाच होता, कारण तिनं तसाच पाहिला होता. तानूनं सगळे खाल्ले. भाकरीवर वाढलेल्या तिच्या जिभेला ते इतके आवडले, इतके आवडले, की तिला त्याचाच राग आला. आबोलीला हे रोज मिळतं!

आता तिला आबोलीचा आंबा हवा होता. चिताऱ्यांच्या मुलीनं नवव्या वर्षी आपल्या हातानं पहिलं फळ रंगवायचं आणि माघातल्या जत्रेला ते देवीच्या पालखीला बांधायचं, अशी त्या गावची रीत. आबोलीनं आंबा रंगवायला घेतला होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आंबा, त्यावर चिंचोके वाटून शिजवलेल्या चिकट खळीचे पांढरे थर. एक थर वाळला की दुसरा. मग हळदी पिवळा रंग, खांद्यावर गुलाबी लाली, देठापाशी हिरवी छटा. तानू रोज संध्याकाळी समोर बसून बघायची.

पण बघायची काय? आबोलीनं कुंचला उचलला की तानूची नजर तिच्या परकराच्या काठावर. आबोली रंग कालवायला लागली की तानूची नजर तिच्या खळीवर. भिकूकाकांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, की तानूला पुढचं काही दिसायचंच नाही.

"तू पण घे गो एक फळ, दोघी मिळान करूया," आबोली एकदा म्हणाली.

"मला काय गरज?" तानू फणकारली, आणि आंबा पुरा झाल्याबरोबर ओवळीखाली पळाली.

आंबा आला. पिवळा, गुलाबी, चमचमता... आणि जागोजागी कोरा! इथे पांढरा ठिपका, तिथे रंगच नाही. जिथे जिथे तिची नजर हलली होती, तिथे तिथे आंबा उघडा.

"जेवढं पाहिलंस तेवढंच," परी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "आता एकच मागणं उरलं, तानू. जपून."

ते शेवटचं मागणं तानूनं एका गोष्टीसाठी राखून ठेवलं होतं. बागेच्या टोकाला भिकूकाका एक घर बांधून घेत होते. लाल चिऱ्यांचं, छोटंसं, सुबक. आबोलीला एक घर असताना आणखी एक! तानूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तिची स्वतःची आई काम संपल्यावर त्या घरासाठी पाणी वाहायची. पायाचा पहिला चिरा बसला तेव्हापासून तानू समोरच्या दगडावर ठाण मांडून होती. साबाजी गवंडी चिरा तासायचा, ओळंबा धरायचा, चिरा बसवायचा, आणि तानूची नजर एकदाही हलायची नाही. घर उभं राहिलं की अगदी अस्संच मागायचं, असं तिनं ठरवलं होतं.

जत्रेला नऊ दिवस उरले होते. त्या संध्याकाळी आबोलीनं आंबा चुलीवरच्या फळीवर उबेला ठेवला, आणि काकी त्याच्याकडे बघून लेकीच्या कौतुकानं म्हणाली, "माझ्या चेडवाचो हात बघा!"

तानूचा धीर सुटला. सगळे देवळात गेले, तेव्हा तिनं तो आंबा उचलला आणि नेऊन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. उघड्यावर, माघाच्या दवात.

सकाळी खळ फुगली होती. रंगाचे पोपडे निघाले होते. आबोली आंबा हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिच्या गालाची खळी कुठे गेली होती कोण जाणे. तानूला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. पण तिला मुळीच बरं वाटलं नाही.

ती ओवळीखाली धावली. "परी, माझं शेवटचं मागणं घे! आबोलीचा आंबा नीट कर!"

"करीन," परी म्हणाली. "पण तू पाहिलास तसाच होईल. कोऱ्या ठिपक्यांचा."

"मग काय करू?"

परीचे पंख मंदावले. "ते माझ्या जादूत बसत नाही, तानू," ती म्हणाली.

तानू परत आली. सगळ्यांच्या समोर ती म्हणाली, "म्या ठिवला आंबा भाईर. मीच. माझ्या पोटात दुखत व्हतं."

"कित्याक गो?" आबोली किंचाळली. "मी तुजा काय केलंय?"

"काय बी न्हाई," तानू हुंदके देत म्हणाली. "तू काय बी केलं न्हाईस."

आईनं खाली मान घातली. भिकूकाकांनी आंबा उलटसुलट करून पाहिला. "रडान रंग सुकना नाय," ते म्हणाले. "लाकूड शाबूत आसा. खरवडा आणि परत धरा. आठ दिस पुष्कळ झाले."

चिऱ्यांच्या घराचं काम जत्रा होईपर्यंत थांबलं होतं. तानू खरवडायला बसली. बोटं सोलली तरी खरवडत राहिली. तिनं चिंचोके भिजवले, वाटले, खळ शिजवली. आबोली दोन दिवस एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांड्यात डोकावून म्हणाली, "खळ जाड झाली. पाणी घाल." त्यावर तानूला इतका आनंद झाला, की तिनं जरा जास्तच पाणी घातलं. मग दोघींनी मिळून ती पुन्हा आटवली. काकीनं घावण्यांचं ताट मध्ये सरकवलं. खळ वाळेपर्यंत त्या खात बसल्या आणि बोलत बसल्या. या वेळी तानूनं आंबाच पाहिला. गुलाबी लाली पिवळ्यात कशी विरघळते, हे तिनं डोळे भरून पाहिलं. आंबा झाला आणि पहिल्यापेक्षाही गोड झाला.

जत्रेत पालखी वाजतगाजत निघाली. तिच्या दांडीला आबोलीचा आंबा झुलत होता. "तो बघा, तो आबोलीचा!" असं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं? तानू! आणि ओरडताना तिच्या पोटात जरासुद्धा दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी तानूच्या डोळ्यांदेखत चिऱ्यांच्या घरावर शेवटचं कौल चढलं. काकीनं दाराला आंब्याचं तोरण बांधलं, आणि तानूच्या आईच्या हातात नारळ देऊन म्हणाली, "चला, आता तुमच्या घराक चला."

"कुणाच्या?" तानूनं विचारलं.

"तुमच्या गो. तुझ्या आणि आवशीच्या. आणि कोणाच्या? गोठ्याच्या बाजूक किती दिस रवतलात?"

तानू आईकडे वळली. "तुला ठावं व्हतं? मग सांगितलं का न्हाईस?"

आईऐवजी काकीच म्हणाली, "कौलां चडेपर्यंत घर कोणाचा ता सांगूचा नसता, बाय. दृष्ट लागता."

दृष्ट! पायाच्या पहिल्या चिऱ्यापासून त्या घराकडे जळत्या डोळ्यांनी कोण बघत बसलं होतं? तानू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मग तिनं आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि खूप रडली. आईनं रडू दिलं आणि मग मीठमोहऱ्या ओवाळून तिचीच दृष्ट काढली.

आत ऊन आलं होतं. शेणानं सारवलेली जमीन ओली, हिरवट, थंडगार होती. आबोली खिडकीपाशी उभी होती आणि तिचं नाक फुगलं होतं.

"तुझी खिडकी माझ्या खिडकीपेक्षा मोठी आसा," ती घुश्शात म्हणाली. "माका पण अशी व्हयी."

तो चेहरा तानूच्या चांगल्याच ओळखीचा होता! तिला खुदकन हसू आलं. ती खिडकीत सरकून बसली. "ये, बस हितं. अर्धी तुजी."

दुपारी ओवळीखाली फुलांचा सडा पडला होता. परी वाट बघत होती. "शेवटचं मागणं, तानू. मोरपिशी परकर चालेल? कापड विणणाऱ्याकडे जाऊन बघून येशील का?"

तानूनं विचार केला. दोन महिने तिनं एकच गोष्ट पापणी न हलवता पाहिली होती. चिऱ्यावर चिरा, आणि चिरा बसवणारे साबाजीचे हात. ते हात दुपारी कुठे बसून भाकरी खातात, हेही तिनं पाहिलं होतं. ओहोळापलीकडे, तो राहायचा त्या झावळ्यांच्या गळक्या खोपीत. अख्ख्या गावाची घरं साबाजीनं बांधली होती. घर पुरं झालं की हत्यारं उचलायची आणि बाहेरूनच निघायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"तसंच घर," तानू म्हणाली, "साबाजीकाकांना."

परीचे पंख थरथरले. "हेच मागणार आहेस? स्वतःला काहीच नको?"

"हेच. ते म्या पहिल्यापासनं शेवटपत्तुर पायलंय."

आधी सोनेरी, मग गुलाबी, मग पांढराशुभ्र उजेड ओवळीच्या पानापानांतून फुटला. फुलं वर उडाली, ओहोळाचं पाणी झगमगलं, आणि त्या उजेडात हसतहसत परी विरघळून गेली. डोळे उघडले तेव्हा खोपीच्या जागी चिऱ्यांचं घर उभं होतं. कुठेही कोरा ठिपका नव्हता.

तानू ओहोळ ओलांडून तिथे पोहोचली, तेवढ्यात साबाजी कामावरून आला आणि थबकला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, कोपऱ्याला डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली.

"ह्यो चिरो जरा वाकडो बसलो हा," तो पुटपुटला. मग त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... माझोच हात गो ह्यो!"

"तुमचाच, काका. जावा की आत."

त्यानं खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवली. जन्मभर घरं बांधलेला साबाजी त्या दिवशी पहिल्यांदाच, पायरीवर पाय नीट पुसून, एका घरात राहायला गेला.