चतकोराची उडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. ऐकायचं तर गप बसून ऐका.

एका ओढ्यावर दोन गावं होती, एक वरचं, एक खालचं. उन्हाळ्यात पाणी एवढंसं, ज्याची पाळी पहिली त्याचंच पीक जगायचं. दरसाल डोकी फुटायची. मग जाणत्यांनी रीत घातली. दोन्ही गावांनी एकेक माणूस उभा करायचा आणि दोघांनी दोरीवरच्या उड्या मारायच्या. जो आधी थांबेल, त्याचं गाव पाण्याला मागे. उडी कसलीही मारा, पण थांबू नका.

खालच्या गावात एक पैलवान होता. अंगाने रेडा, आणि डोक्यानेही फार लांबचा नव्हे. साधी उडी मारायची त्याला लाज वाटे. हातांची फुली करून कातरी उडी मारी, नाहीतर एकाच उडीत दोरी दोनदा पायांखालून काढी. पोरंसोरं टाळ्या पिटत. हा फुगत जाई.

तालमीत भाकऱ्या भाजायला एक म्हातारी होती. तिचं जोंधळ्याचं वावर पाटाच्या शेवटाला होतं. पाणी गेलं की पहिलं तिचं पीक वाळणार.

आदल्या दिवशी ती पैलवानाला म्हणाली, "लेका, इतकी वर्षं तुला वाढतेय. शंभर साध्या उड्या मारून आलास की चतकोर भाकरी खातोस. शंभर कातरी मारल्यास की अर्धी. आणि त्या दुहेरी शंभर मारल्यास की अख्खी खाऊन वर चटणी मागतोस. उद्या मधे जेवायला मिळायचं नाही. साध्याच मार."

"म्हातारे, साध्या उड्या पोरी मारतात! गाव काय म्हणेल?"

"गाव पाणी मागेल, मुडद्या."

पैलवान हसला. सोबतची टवाळ माणसंही हसली. हसायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी वरच्या गावाने एक सुकडी कुंभारीण उभी केली. रोज दिवसभर माती तुडवणारी बाई. पदर खोचून ती उभी राहिली, तर पैलवान म्हणाला, "बाई, घरी जा, मडकी कच्ची राहतील."

"राहू देत," ती म्हणाली आणि तिने दोरी फिरवली.

तिची उडी कसली, जमिनीपासून जेमतेम बोटभर वर! दोरी पायांखालून गेली की पाय पुन्हा जमिनीवर. बघणाऱ्याला जांभई यावी.

पैलवानाने सुरुवातच दुहेरीने केली. दोरी सूं सूं वाजू लागली, धूळ उडाली, खालचं गाव नाचू लागलं. म्हातारी तेवढी कपाळाला हात लावून बसली.

पंचांनी तंबाखू मळून तोंडात टाकला. तो थुंकायची वेळ यायच्या आत पैलवानाचे डोळे पांढरे झाले. "साध्या मार, साध्या!" म्हातारी ओरडली. त्याने मारून पाहिल्या, पण आता साध्यालाही अंगात काही उरलं नव्हतं. दोरी पायात अडकली आणि रेडा धुळीत बसला.

"भाकरी..." एवढंच तो बोलला.

कुंभारीण आणखी दहा-वीस उड्या मारून थांबली. पाणी वरच्या गावाला गेलं.

खालच्या गावाने निवाडा केला, की पैलवानाने उन्हाळाभर नदीवरून कावडीने पाणी आणून म्हातारीचं वावर जगवायचं. नदी कोसभर लांब.

पहिल्याच दिवशी बांधावर बायका दिसल्या, तसा पैलवान भरल्या कावडीसकट उड्या मारत निघाला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

म्हातारीने टोपली उघडून त्याच्या हातावर चतकोर ठेवला.

"एवढाच?"

"साधा चालत आलास तर पुरेल," म्हातारी म्हणाली. "उड्यांचं पीठ माझ्याकडे नाही."

तेव्हापासून तो साधा चालू लागला आणि जोंधळा तगला.

बोध एवढाच: लांबचं काम अंगावर घेतलं असेल, तर टाळ्यांसाठी दम उधळू नये, टाळ्यांनी पोट भरत नाही आणि पाणीही येत नाही.